यादीत नसलेला शब्द

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडाने नागरिकांना भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, या स्वातंत्र्यावर कायद्याने कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील, याची यादी दिली आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी असलेले मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधास चिथावणी अशी ही कारणे असून ती उदाहरणादाखल सांगितलेली नाहीत. यादी तेथेच संपते. एखादा निर्बंध कितीही लोकोपयोगी वाटला, तरी यांपैकी एखाद्या कारणाशी त्याचा निकटचा संबंध दाखवता आला नाही, तर तो न्यायालयात टिकत नाही. ही यादी सावकाश वाचली असता असे दिसते, की तीत ‘असत्य’ हा शब्द कोठेही आलेला नाही. केवळ खोटे आहे एवढ्याच कारणासाठी एखादे विधान दडपण्याचा अधिकार संविधानाने सरकारला दिलेला नाही, आणि आज खोट्या माहितीच्या लोंढ्याविषयी जी चिंता सर्वत्र व्यक्त होते तिचा विचार करताना या अनुपस्थितीचा अर्थ आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

याचा अर्थ असा नव्हे, की खोटे बोलण्यास कायद्याची मुभा आहे. न्यायालयात शपथेवर खोटी साक्ष देणे हा गुन्हा आहे, खोटे सांगून दुसऱ्याचे पैसे लुबाडणे हाही गुन्हा आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे असल्याचे ठाऊक असताना केलेले आणि त्याच्या निवडीस बाधा आणणारे विधान भ्रष्ट आचरण मानले जाते, ज्यापायी निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. या सर्व ठिकाणी असत्यापाशी आणखी काहीतरी जोडलेले असते: कोणाची तरी फसवणूक, कोणाच्या तरी अब्रूची हानी, न्यायदानात अडथळा. शिवाय विधान खोटे होते की नाही याचा निर्णय सर्वत्र न्यायालय करते, दोन्ही बाजू ऐकून करते आणि विधान झाल्यानंतर करते. खोटी माहिती हा शब्दही सैलपणे वापरला जातो. त्यात जाणूनबुजून रचलेली बनावट माहिती येते, तसेच स्वतःला खरी वाटते म्हणून भल्या हेतूने पुढे पाठवलेली चुकीची माहितीही येते. बनावट माहिती रचणारे थोडे असतात आणि ती विश्वासाने पुढे नेणारे अगणित असतात, त्यामुळे शिक्षेचा विचार करणाऱ्या कायद्याला हा भेद टाळता येत नाही.

चुकीची माहिती, सद्हेतू आणि शिक्षा यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो, हे मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातील एका जुन्या खटल्यात स्पष्ट दिसते. १८८१ च्या जानेवारीत पुण्यातून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघू लागली आणि थोड्याच दिवसांत त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या कारभाराचा प्रश्न हाती घेतला. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. त्यांना नीट वागवले जात नाही अशी कुजबुज सर्वत्र होती आणि संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे बोट दाखवले जात होते. बर्वे यांचा या प्रकरणात हात असल्याचे दर्शवणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली, त्यांवर विसंबून दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणांवर कडक टीका केली, आणि बर्वे यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. सुनावणीत ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी क्षमा मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते बाहेर आले. पुढे ज्यांच्याशी टिळकांचे वैचारिक मतभेद तीव्र झाले, त्या महात्मा फुले यांच्या सत्यशोधक वर्तुळातील रामशेठ उरवणे या वेळी जामीन राहिले होते.

पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर छत्रपतींचा मृत्यू झाला. बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे खोटी होती आणि त्यांच्यावरील आरोपही सिद्ध झाले नाहीत, यात शंका नाही. परंतु तरुण राजाच्या जिवाविषयी लोकांना वाटणारी काळजी अनाठायी नव्हती, हेही तितकेच खरे ठरले. एकाच लेखनात चुकीचा पुरावा आणि योग्य शंका एकत्र असू शकतात, आणि वृत्तपत्रे ज्या घाईत व ज्या अपुऱ्या साधनांनिशी चालतात त्या परिस्थितीत असे वारंवार घडते. पूर्णपणे सिद्ध झालेलेच छापावे असा दंडक असता, तर कोल्हापूरचा प्रश्न वृत्तपत्रांत आलाच नसता. दुसऱ्या बाजूने पाहता, बर्वे यांना दाद मागण्याची सोयच नसती, तर एका माणसाचे नाव खोट्या पत्रांच्या आधारे कायमचे काळे झाले असते. परकीय सत्तेच्या काळातला असूनही हा खटला एका बाबतीत अनुकरणीय होता: तक्रार करणारा ठरावीक माणूस होता, आरोप नेमका होता, पुरावा उघडपणे तपासला गेला आणि शिक्षेनंतरही दोन्ही पत्रे निघत राहिली.

पंधरा वर्षांनंतरच्या खटल्याचे स्वरूप मात्र अगदी वेगळे होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मागोमाग तो पुण्यात पोहोचला, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याखाली घरोघर झडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ सुरू झाली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याच्या शरीराचे काहीतरी केले जाते, अशा अफवा गिरण्यांत आणि चाळींत पसरल्या होत्या; १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात टिळकांनी एकीकडे झडत्यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली आणि दुसरीकडे लोकांची भीती कमी व्हावी म्हणून हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. २२ जून १८९७ रोजी पुण्यातील प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेल्यानंतर सरकारने ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायदा समजावून देताना, सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन भारतीय ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या खटल्यात लेखातील अमुक विधान खोटे आहे असा सरकारचा मुद्दाच नव्हता. लेख वाचून लोकांच्या मनात सरकारविषयी कोणती भावना उत्पन्न होईल, एवढेच पाहिले गेले. ज्या अफवांनी लोक रुग्णालयांना घाबरून आजारी माणसे लपवत होते, त्या अफवांना कर्ता नव्हता, पत्ता नव्हता आणि त्या पकडता येत नव्हत्या. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले होते, त्यामुळे जो नाव लावून बोलत होता तो सहज सापडला. अभिव्यक्तीवरील कठोर कायद्यांचा हा दोष त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा आढळतो. ते निनावी कुजबुजीपर्यंत पोहोचत नाहीत आणि उघडपणे बोलणाऱ्याच्या दाराशी मात्र प्रथम उभे राहतात.

संविधान सभेतील अनेक सदस्यांना हा इतिहास स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होता. मसुद्यातील निर्बंधांच्या यादीत ‘राजद्रोह’ हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी सुचवलेल्या दुरुस्तीनंतर तो वगळला गेला, कारण सरकारवर टीका करणे आणि राज्य उलथवण्यास चिथावणी देणे यांतील अंतर लोकशाहीत राखलेच पाहिजे, अशी भूमिका त्यामागे होती. दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम मात्र तसेच राहिले आणि ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंमल स्थगित करीपर्यंत ते वापरले जात राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द नाही, पण कलम १५२ चा आशय पुष्कळसा त्याच प्रदेशातला आहे.

संविधान लागू होऊन काही महिने होतात तोच या यादीची पहिली परीक्षा झाली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण तेव्हाच्या यादीत राज्याची सुरक्षितता होती, सार्वजनिक सुव्यवस्था नव्हती. सरकारने यावर पहिली घटनादुरुस्ती केली आणि जून १९५१ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय देशांशी मैत्री आणि अपराधास चिथावणी ही तीन कारणे यादीत घातली. ही दुरुस्ती स्वातंत्र्याचा संकोच करणारी होती, हे मान्य करावे लागते. परंतु ‘वाजवी’ हे विशेषण निर्बंधांना याच दुरुस्तीने जोडले, आणि त्यामुळे निर्बंध प्रमाणात आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांकडे आला. त्यानंतरचे बहुतेक महत्त्वाचे निवाडे या एका विशेषणाच्या आधारावर उभे आहेत.

निर्बंध कोणत्या कारणासाठी आहे याइतकाच तो कोणत्या टप्प्यावर लागतो हा प्रश्न महत्त्वाचा असतो. छापण्यापूर्वी, दाखवण्यापूर्वी किंवा बोलण्यापूर्वी परवानगी घ्यायला लावणे याला प्रकाशनपूर्व नियंत्रण म्हणतात, आणि रूढ भाषेत सेन्सॉरशिप म्हणतात ती मुख्यतः हीच. लेख छापल्यावर खटला झाला, तर वाचकांसमोर लेखही असतो आणि खटलाही असतो. लेख छापण्यापूर्वीच थांबवला, तर काय थांबवले हेच कोणाला कळत नाही. मराठी रंगभूमीला या नियंत्रणाचा मोठा अनुभव आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे पुस्तकात राहिला व २०१८ च्या सुरुवातीस रद्द झाला, मात्र महाराष्ट्रात नाट्यसंहिता तपासण्याची पद्धत पोलीस कायद्याखालील नियमांच्या आधारे वेगळी चालत आली आहे. विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’चे प्रयोग १९७२ मध्ये याच यंत्रणेमुळे अडले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयातून ते सोडवून आणावे लागले. चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात मान्यता दिली. दृश्य माध्यमाचा परिणाम अधिक तीव्र असतो, हे त्यामागचे कारण होते, आणि प्रत्येक हातात पडदा असलेल्या काळात ते पुन्हा तपासून पाहण्याची गरज आहे.

प्रकाशनपूर्व नियंत्रण संपूर्ण देशावर लादले गेले ते आणीबाणीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांना मजकूर आधी तपासून घेणे भाग पडले. मिनू मसानी यांच्या संपादकत्वाखाली मुंबईतून निघणाऱ्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील अकरा मजकूर सेन्सॉर अधिकाऱ्यांनी अडवले, तेव्हा मसानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. अनुच्छेद १९ त्या वेळी निष्प्रभ झालेला होता, त्यामुळे मूलभूत हक्काचा आधार घेता येत नव्हता; परंतु फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि न्यायमूर्ती कानिया यांच्या खंडपीठाने असे पाहिले, की सेन्सॉर अधिकाऱ्याला ज्या नियमाने अधिकार मिळाला आहे त्या नियमाच्या बाहेर तो जाऊ शकतो काय. सरकारी धोरणाशी असहमती म्हणजे सुरक्षिततेला धोका नव्हे आणि सर्व नियतकालिकांनी एकच सूर लावावा हे पाहणे सेन्सॉरचे काम नव्हे, असा निर्णय त्यांनी दिला. त्या काळात असा निवाडा लिहिण्यास मोठे धैर्य लागत होते, आणि मुंबईच्या न्यायालयाने ते दाखवले याची नोंद आदराने केली पाहिजे. त्याआधी डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीविरुद्ध उघडपणे भूमिका घेतली होती आणि पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले.

सेन्सॉरशिपचे समर्थक नेहमी असे सांगतात, की अफवा थांबवण्यासाठी ती लागते. अनुभव मात्र वेगळा आहे. छापील बातमीवर विश्वास ठेवता येत नाही असे एकदा वाटू लागले, की ऐकीव बातमीची किंमत वाढते, आणि त्याच वेळी सरकारलाही खरी परिस्थिती कळेनाशी होते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दुष्काळांच्या अभ्यासातून हाच मुद्दा मांडला: जेथे वृत्तपत्रे मोकळी आहेत आणि विरोधी पक्षांना प्रश्न विचारता येतात, तेथे अन्नटंचाईचे रूपांतर मोठ्या भूकबळीत होत नाही. महाराष्ट्रातील १९७० ते १९७३ चा दुष्काळ हे त्याचे जवळचे उदाहरण असून ज्याँ द्रेझ यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. पिके बुडाली होती, धान्य अपुरे होते. परंतु गावोगावच्या बातम्या, मोर्चे आणि विधिमंडळातील प्रश्न यांच्या दबावाखाली सरकारला दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर काढावी लागली आणि लाखो मजुरांच्या हाताला काम मिळाले. त्या बातम्यांत अतिशयोक्ती होती, चुकाही असणार. तरीही त्या अडवल्या गेल्या असत्या, तर मुंबईतील मंत्रालयाला खडी फोडणाऱ्या माणसांची गरज वेळेवर कळली नसती.

हे सर्व खरे असले तरी खोट्या माहितीने माणसे मरतात, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले भिक्षेकरी होते. मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश आणि चित्रफिती त्या महिन्यांत देशभर मोबाइलवर फिरत होत्या. त्यांतील एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती आणि शेवटचा खुलाशाचा भाग कापून ती भारतात पसरवली गेली होती. अनोळखी पेहराव आणि अनोळखी बोली घेऊन गावोगाव फिरणाऱ्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का ब्रिटिश काळापासून मारलेला आहे, आणि हा संदेश त्या जुन्या संशयाच्या वाटेनेच लोकांच्या मनात शिरला. म्हणून केवळ संदेशाला दोष देऊन या घटनेचा उलगडा होत नाही.

येथे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आड आले असे म्हणता येणार नाही. जमावाला चिथावणी देणे आजही गुन्हा आहे, मारहाण व खून हे तर आहेतच, आणि यादीतील ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ व ‘अपराधास चिथावणी’ ही कारणे अशा प्रसंगी पुरेशी आहेत. उणीव होती ती वेगाची, म्हणजे अफवेच्या गतीने खरी माहिती पोहोचवण्याची. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. या उपायाचे वैशिष्ट्य असे, की संदेश खरा की खोटा हे त्यात कोणीच ठरवत नाही. खऱ्या आणि खोट्या दोन्ही संदेशांचा वेग सारखाच कमी होतो आणि शंका घ्यायला माणसाला थोडा अवधी मिळतो. त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर समजून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली, आणि हत्येनंतर काही दिवसांतच तिला धार्मिक रंग देणारी दुसरी अफवा पसरली. राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटकेत असलेल्यांची यादीच जाहीर करून तिला उत्तर दिले. कोणाचे तोंड न बांधता, सरकारने स्वतःजवळची माहिती तत्परतेने उघड करणे, हा उपाय यादीच्या पूर्णपणे आत बसणारा आहे आणि तो फार कमी वापरला जातो.

पालघरचे नाव या इतिहासात आधीही आले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद का ठेवावी असा प्रश्न फेसबुकवर विचारणारी एक तरुणी आणि त्याला पसंती दर्शवणारी तिची मैत्रीण यांना तेथे अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान देणारी याचिका त्यातून उभी राहिली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द करताना चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या: एखाद्या मताची चर्चा करणे किंवा ते कितीही अप्रिय असले तरी त्याचे समर्थन करणे संरक्षित आहे, आणि चिथावणीच्या पायरीवरच कायदा मध्ये येऊ शकतो. कलमातील ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ यांसारखे शब्द इतके सैल होते, की पोलीस ठाण्यातील अधिकारीच त्यांचा अर्थ ठरवत होता.

असत्याचा प्रश्न सरळपणे न्यायालयासमोर आला तो २०२३ मध्ये. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती माहिती बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे हे ठरवण्यासाठी सरकारनेच एक तथ्यपडताळणी कक्ष नेमावा, आणि त्याने तसा शिक्का मारल्यावर समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपन्यांनी तो मजकूर ठेवला तर त्यांचे कायदेशीर संरक्षण जावे, अशी ती योजना होती. हे संरक्षण म्हणजे, वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल मंच पुरवणाऱ्या कंपनीला जबाबदार धरले जाऊ नये, अशी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मधील तरतूद होय. ते गमावण्याचा धोका कोणतीही कंपनी पत्करणार नाही आणि शिक्का पडताच मजकूर काढून टाकील, हे उघड होते. लिहिणाऱ्याला नोटीसही मिळणार नव्हती. विनोदकार कुणाल कामरा आणि संपादकांच्या व नियतकालिकांच्या संघटना यांनी मुंबई उच्च न्यायालयात या नियमाला आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांना नियम घटनाबाह्य वाटला. न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या मते जाणीवपूर्वक पसरवलेल्या खोट्या माहितीपुरता तो मर्यादित होता, टीका व विनोद त्याच्या कक्षेत येत नव्हते आणि खोट्या माहितीपासून नागरिकांचे रक्षण करण्यात गैर काही नव्हते. हा दुसरा विचारही गंभीर आहे, कारण सरकारी योजनांविषयीच्या बनावट बातम्यांनी गरीब माणसे खरोखरच फसतात.

प्रकरण तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी नियम रद्द ठरवणाऱ्या मताच्या बाजूने निर्णय दिला. त्यांच्या निर्णयात संविधानाची तीच यादी पुन्हा समोर आली: बनावट, खोटी आणि दिशाभूल करणारी हे शब्द यादीत नाहीत, त्यांची व्याख्या नियमातही नाही, आणि केवळ सत्यच ऐकू येईल अशी व्यवस्था करण्याचे कर्तव्य अनुच्छेद १९ ने राज्यावर टाकलेले नाही. शिवाय ज्या सरकारच्या कामकाजाविषयी वाद आहे, त्याच सरकारने नेमलेला कक्ष निवाडा करणार होता. १८८२ मध्ये दिवाण बर्वे यांनाही आपल्यावरील आरोप खोटे असल्याचे स्वतः जाहीर करून वृत्तपत्र बंद करता आले नव्हते; त्यांना न्यायालयात जाऊन पत्रे बनावट असल्याचे सिद्ध करावे लागले होते.

केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा तथ्यपडताळणी विभाग २०१९ पासून चालत आला आहे आणि या निकालाने तो बंद झाला नाही. एखाद्या व्हायरल संदेशावर लाल शिक्का मारून तो खोटा असल्याचे सांगण्याचे काम तो करू शकतो, आणि त्याचे खंडन वाचून मत बनवण्यास वाचक मोकळा आहे. त्या शिक्क्यामुळे मजकूर काढून टाकण्याचे बंधन मात्र कोणावर येत नाही.